बसून वाजवणारा बँड

पाहुणे दुपारच्या गाडीने येणार होते, ते सकाळच्याच गाडीने आले. सोयरीक पक्की करायला निघालेली माणसे बहुधा असेच करतात. मुलीचे घर सावध असताना कसे दिसते हे त्यांनी पहिल्या खेपेला पाहिलेले असते. आता बेसावध पाहायचे असते.

आणि त्या रविवारी हिवराळ्यांचे घर किती बेसावध असावे? घरातले तीन कर्ते पुरुष लाल कोट घालून, खांद्यांवर सोनेरी झालरी सोडून वडनेरच्या फाट्यावर गाडीच्या टपावरून सामान उतरवत होते. पंजाबरावच्या काखेत क्लॅरिनेटची पेटी होती. धाकट्या शेषरावच्या गळ्यात ड्रम होता. चुलतभाऊ महादेव आपला पितळी भोंगा लेकरासारखा कडेवर घेऊन उभा होता. शिवाय प्रत्येकाच्या हातात एकेक घडीची लोखंडी खुर्ची. नांदुऱ्याचे लग्न वाजवून झाले होते, पोटात बुंदी होती, आणि पाहुणे यायला बराच अवकाश आहे अशा समजुतीने तिघे रमतगमत घराकडे निघाले.

गल्लीच्या तोंडाशी भिमाबाई उभी होती. पायात वहाण नव्हती आणि हाताला पीठ होते.

"कोट काढा रे! आले ते!"

"कोन आले, माय?" पंजाबरावने विचारले.

"यम आला! कोकिळेचा सासरा आला, अजून कोन? सकायच्या गाडीनं येऊन बसला. तुहे बाबा त्याले पोट्टे वावरात गेले म्हनून सांगून राह्यले. आता असे सजून घरात जासान त् कोन्या वावरातून आले म्हनून सांगसान?"

"सर्कशीच्या," शेषराव म्हणाला.

भिमाबाईने पिठाचा पंजा त्याच्या लाल कोटाच्या पाठीवर उमटवला.

कोकिळा ही किसनराव हिवराळ्यांची धाकटी. खामगावच्या भगवंतरावांचा दयाराम शाळेत मास्तर होता आणि त्याला मुलगी पसंत होती; मुलीलाही मास्तर पसंत होता, फक्त तिला कोणी विचारले नव्हते. भगवंतराव रेल्वेत पॉइंट्समन होते. गेल्याच वर्षी निवृत्त झाले होते, पण बोलणे अजून सिग्नलसारखे होते. एकतर वर, नाहीतर खाली. पहिल्या खेपेला चहा पिता पिता त्यांनी सांगून टाकले होते, "सगळं पसंत हाय. एकच गोष्ट. वाजवनाऱ्याच्या घरची पोरगी आमी करत नाही अन् वाजवनाऱ्याले पोरगी देत नाही."

किसनरावांनी त्यावर मान डोलावली होती. थोरला पंजाबराव मलकापूरला पंचायत समितीत कारकून, शेषराव एस.टी.त कंडक्टर, पुतण्या महादेव जिनिंगात फिटर, सगळे सर्विसात, असे त्यांनी सांगितले. बँडचे नाव काढले नाही. याला कोणी खोटे बोलणे म्हणेल. पण किसनरावांच्या लेखी बँड नव्हताच. जी गोष्ट आवडत नसे ती ते मानत नसत. या हिशेबाने त्यांच्या लेखी गावात अर्धी माणसे नव्हती.

तरी बँड होता. सोमवार ते शनिवार तो नसे आणि रविवारी असे. धम्म घेतल्यापासून समाजातल्या लग्नांचे मुहूर्त गेले होते, आणि मुहूर्त गेल्यावर नोकरीवाल्या लोकांनी आपल्या सोयीचा वार धरला होता. हे सर्वांत आधी पंजाबरावच्या लक्षात आले. ज्याला साहेब सहा दिवस सोडत नाही, त्यानेही बँड काढावा, अशी सोय जणू आपोआप होऊन बसली होती. बाकीचे बँडवाले तिथी पाहून आणि मालकाचे तोंड पाहून वाजवत. यांना मालक नव्हता. नांदुऱ्याचा एक टेलर कॉर्नेट वाजवी, शाळेतला एक शिपाई झांजा वाजवी, हे तिघे भाऊ, आणि कोणती चाल आधी घ्यायची यावरची भांडणे, एवढाच बँड.

रविवारची किंमत आठवडाभर चुकवावी लागे. शेषराव सुट्टी पदरात पाडून घेण्यासाठी दुसऱ्यांच्या मुक्कामी गाड्या अंगावर घेई. त्याची बायको त्याला पाहुणा समजू लागली होती. महादेव भोंग्यात पहिली फुंक मारी तेव्हा आधी रुईचे तूस बाहेर येई आणि मग सूर. पंजाबराव आवक-जावकचे शिक्के ठेक्यात मारी. साहेबांनी एकदा त्याला आत बोलावून, "हिवराळे, टपालाची वरात काढू नका," असे बजावले होते.

राहिली खुर्च्यांची गोष्ट. दीक्षा घेतली त्या वर्षी किसनरावांनी स्वतःची सनई आणि बापाचे डफडे नदीच्या डोहात टाकले होते. गावकीचे वाजवणे तिथे संपले. त्यानंतर पोरांनीच पितळ घरात आणले, तेव्हा म्हाताऱ्याने जेवण टाकले. शेवटी भिमाबाईने मध्ये पडून त्यांच्याकडून एक अट काढून घेतली.

"वाजवायचं त् खुर्चीवर बसून वाजवा," ते म्हणाले होते. "कोनाच्या घोड्यापुढं चालत वाजवायचं नाही. माहा बाप चालला, मी चाललो. बस झालं."

अट सोपी वाटली. घोटाळा वरातीत झाला, कारण वरात चालते. मग पोरांनी तोड काढली. खुर्च्या मांडायच्या, बसायचे, एक चाल वाजवायची, उठायचे. खुर्ची काखोटीला मारून मुकाट्याने पुढच्या वळणापर्यंत जायचे. पुन्हा मांडायच्या, पुन्हा बसायचे. उभे असताना एक सूर काढायचा नाही. नवरदेवाचा घोडा बुचकळ्यात पडे. नांदुऱ्याच्या लोकांनी 'उठबशी बँड' असे नाव ठेवले, आणि बोलावणे नसलेली माणसेही नुसती वरात पाहायला येऊ लागली. त्यामुळे बँडला बोलावणी वाढली, हे किसनरावांना सांगायची मात्र कोणाची छाती नव्हती.

"भोंगा कडब्यात घाला," भिमाबाई गोठ्याच्या दारात उभी राहून हुकूम सोडत होती. "ड्रम गव्हाणीत टाका, वरून कुटार लोटा. अन् खुर्च्या मले द्या."

"खुर्च्या काऊन?" पंजाबरावने विचारले.

"पाहुने बाजेवर बसले हायेत. इवाई जरासा हालला का बाज करकरते. मले लाज वाटून राह्यली. द्या इकडं."

तिघांनी खुर्च्या दिल्या. कोणाच्याही डोक्यात काही आले नाही. वाद्ये कडब्यात गेली आणि खुर्च्या ओसरीत पाहुण्यांपुढे मांडल्या गेल्या. चोराने ऐवज पुरावा आणि पहार फौजदाराला बसायला द्यावी, तसा प्रकार झाला. पण तो पाहुणचारापोटी झाला, हेही नमूद केले पाहिजे.

पंजाबराव हातपाय धुऊन, खांद्यावर टॉवेल टाकून, वावरातून आल्यासारखा ओसरीत आला; मागोमाग शेषराव आणि महादेव. त्याची बायको सिंधूताई चहाचे कप घेऊन बाहेर येत होती. जाता जाता ती पुटपुटली, "मिशीले बुंदी हाय. वावरात बुंदी पिकली का औंदा?"

त्याने मिशी पुसली.

"जयभीम, जयभीम. या पंजाबराव," भगवंतराव म्हणाले. ते खुर्चीत ऐसपैस बसले होते. शेजारच्या खुर्चीत दयाराम मास्तर कडेकडेने बसला होता, तिसऱ्या खुर्चीत किसनराव. किसनराव आयुष्यात पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले होते आणि ती कोणाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. "रविवारीबी वावर सोडत नाही म्हना. चांगलं हाय. सर्विस असून मातीची लाज नाही."

"हाव, म्हंजे थोडं पाहा लागते," पंजाबराव म्हणाला.

"खुर्च्या झकास हायेत तुमच्या. पन पाठीवर हे दुधी भोपयाचं चित्र काऊन काढलं?"

ते चित्र कॉर्नेटचे होते. टेलरने स्वतः रंगवले होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. आत्ता पंजाबरावच्या लक्षात आले. खुर्च्या! त्याने शेषरावकडे पाहिले. शेषरावने छताकडे पाहिले. महादेवला खोकला आला.

"भोपये लय होते आमच्याकडं," किसनराव चित्राकडे न बघता म्हणाले. "बरं, आता तारखेचं बोला."

तारखेचे बोलणे सुरळीत चालले. रविवारच धरायचा यावर दोघा व्याह्यांचे एकमत झाले. लग्न इथे वडनेरला, जेवण साधे, कोणी रुसायचे नाही. भगवंतरावांची बहीण झुंबरबाई तेवढी यायची होती. ती नांदुऱ्याला दिलेली, आणि तिच्या होकाराशिवाय भगवंतराव बूटसुद्धा घेत नसत. ती तिकडचे एक लग्न आटोपून दुपारच्या गाडीने येणार होती.

नांदुऱ्याचे लग्न, हे शब्द ऐकले आणि पंजाबराव उठून उभा राहिला. कुठे जायचे हे ठरवायच्या आतच अंगणात आवाज आला, "इथंच का वं किसनराव हिवराळ्याचं?" आणि हिरव्या लुगड्यातली एक जाडजूड बाई घाम पुसत ओसरीच्या पायरीशी आली. तिने भावाकडे पाहिले. भावाच्या पाठीमागे डोकावणाऱ्या भोपळ्याकडे पाहिले. मग ती पायरीवर मटकन बसली आणि पोट धरून हसू लागली.

"अवं माय! भगवंता, तू बँडात कवा लागला?"

"काय बोलून राह्यली तू?"

"अरे, ह्या खुर्च्या! सकायी ह्याच खुर्च्यायवर ते लाल कोटवाले... बसते, वाजवते, उठते, पयते, आखीन बसते! घोडा त् पार पिसायला होता, बाप्पा. मी इतली हासली, इतली हासली, का मांडवात जाऊन मले पानी पाजा लागलं." तिचे लक्ष पंजाबरावकडे गेले. "हा पाह्य! हाच त् फुकनी वाजवत होता! अन् हा पोट्टा ढोल! कोट कुठी ठेवले रे?"

भगवंतराव खुर्चीवरून उठले. चटका बसल्यासारखे नव्हे. सावकाश, गाडी फलाटावर लागताना उठावे तसे. त्यांनी खुर्ची वळवली आणि त्या चित्राकडे नीट पाहिले.

"भोपया नाही हा," ते म्हणाले.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"किसनराव, मी पयल्याच दिवशी सांगतलं होतं."

"सांगतलं होतं," किसनराव म्हणाले.

"मंग?"

"मले तो बँड मान्य नाही. म्हनून मी सांगतला नाही."

"हे बरं हाय," झुंबरबाई डोळे पुसत म्हणाली. "माह्या नवऱ्याले दमा मान्य नाही. तरी खोकतेच तो."

"तू उगी राह्य." भगवंतराव बहिणीवर कधी ओरडत नसत, आज ओरडले. मग आवाज खाली आणून ते किसनरावांशीच बोलू लागले. "माहा बाप सनई वाजवे. पाटलाच्या पोराची वरात होती, भर उन्हायात. पायात काही नाही. मी बोट धरून संग चालत होतो. विहिरीपाशी वरात थांबली. घोड्याले पानी पाजलं. बापानं हात पुढं केला त् म्हनाले, तू चाल, वरात खोळंबली. तो वाजवत वाजवत चालला. चार घरं गेला अन् पडला. मेला नाही, मेला असता त् बरं झालं असतं. उठून आखीन वाजवा लागलं त्याले."

दयाराम मास्तर खाली बघत होता. ही गोष्ट त्यानेही पूर्वी ऐकलेली दिसत नव्हती.

"मी रेल्वेत लागलो त्या दिवशी सनई चुलीत घातली," भगवंतराव म्हणाले. "पोराचे साळे बँडवाले म्हनून मी लोकायले सांगू काय?"

पंजाबरावला वाटले, आता बाबा उखडणार. बाहेरच्या माणसाने घरच्यांना बोल लावला की किसनराव घरच्यांची बाजू घेत, मग घरचे चोर असोत की शिंदळ; पूर्वीपासूनची रीत होती ती. पण किसनरावांनी मान खाली घातली होती, आणि मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे वेगळेच दिसत होते.

"आमाले विहिरीपाशी थांबूबी देत नव्हते," ते म्हणाले. "बरोबर हाय तुमचं. बँड बंद. आजपासून बंद. मी सबद देतो."

दोन म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले. कितीतरी वर्षांनी भेटलेले भाऊ असावेत तसे.

"झालं," सिंधूताई दारातून म्हणाली. "दोन इवायायचं जमलं. आता पोरापोरीचं नाही जमलं तरी चालते."

"पोट्ट्यायनो, ऐकलं ना?" किसनराव म्हणाले.

महादेव पहिला कोसळला. "मले काय, काका. जिनिंगात तसाबी दम जाऊनच राह्यला. कोकिळेपुढं भोंगा काय मोठा हाय?"

शेषरावने थोरल्या भावाकडे पाहिले. सगळ्यांचे डोळे पंजाबरावकडे वळले. बँड त्याने काढला होता, तो बंद करायचा मान त्याचाच होता.

हो म्हणायला एक शब्द लागत होता. पंजाबरावने तो तोंडात घोळवूनही पाहिला. बहिणीचे लग्न होते. कोणीही म्हटला असता. पण त्याला रविवारनंतरचा सोमवार दिसला, आणि त्या सोमवारनंतर रविवारच न येता पुन्हा सोमवार. आवक, जावक, आवक, जावक. पेन्शनीपर्यंत. क्लॅरिनेट तो मिलिटरीतून आलेल्या एका म्हाताऱ्याकडे शिकला होता, शिव्या खाऊन, ओठ फोडून घेऊन. घरातल्या कोणी सांगितले नव्हते, गावकीने सांगितले नव्हते, साहेबाने तर नाहीच. त्याच्या आयुष्यात कोणी न सांगता केलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"मी नाही सोडत," तो म्हणाला.

"काय म्हनला?"

"नाही सोडत, बाबा. तुमी खुर्ची सांगतली, खुर्ची धरली. लोकायनं हासून हासून बेजार केलं, तरी धरली. चालत एक सूर काढला नाही कधी. आता आखीन काय सोडू?"

"बहिनीचं लगन मोडतं का, लेका?"

"मी मोडत नाही. पन मोडलं त् पाप माह्या डोक्यावर."

भिमाबाईने कपाळाला हात लावला. भगवंतरावांनी टोपी घेतली आणि मुलाला खूण केली. मास्तर उठला खरा, पण दारापर्यंतचा रस्ता त्याला एकाएकी फार लांब झाल्यासारखा दिसला.

"मी बोलू का?" शेषराव म्हणाला. त्याला गंभीरपणे बोलायची सवय नव्हती. त्यामुळे तो काय बोलतो आहे हे कळायला लोकांना थोडा वेळ लागला. "मामाजी, मी कंडक्टर हावो. गाडीत सगळे बसते. पाटील बसते, कोंबडी घेऊन आलेली बुढी बसते, ड्रायव्हर बसते. मी उभा. मलकापुरातून निघालो का उभा, मुक्कामापर्यंत उभा. दादा हापिसात खुर्चीवर हाय, पन साहेब आला का उभा. अन् साहेब दिवसभर येऊन राह्यते. हा महाद्या त् मशिनीखाली निजलेलाच राह्यते. आमाले इज्जतीची खुर्ची आठवड्यात एकच दिवस भेटते. आमी बसतो अन् घोड्यावरचा नवरदेव थांबते. पाटलाचा असो का साहेबाचा, आमचं वाजवून होईपर्यंत थांबा लागते त्याले. घोड्यालेबी."

"म्हनून त् मी हासली," झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज आता हसण्याचा नव्हता. "घोडा थांबलेला मी पयल्यांदा पाह्यला, भगवंता."

भगवंतराव टोपी हातात घेऊन उभे होते. आपण मघापासून उभेच आहोत हे बहुधा त्यांच्या आत्ता लक्षात आले. ते नोकरीभर हातात झेंडी घेऊन रुळाकडेला उभे राहिले होते. गाड्या भरून माणसे बसून गेली होती. ते खुर्चीत बसले नाहीत. ओसरीच्या काठावर, बहिणीशेजारी टेकले.

तिथून ते म्हणाले, "वाजवा."

भिमाबाईने सुटकेचा श्वास सोडला, तो अर्ध्यावर थांबला.

"पन माह्या पोराच्या लग्नात नाही. माह्यासमोर नाही. मले ते पाहवनार नाही, बसून असो का उभं. त्या दिवशी कोट नाही, काही नाही. तुमी पोरीचे भाऊ म्हनून मांडवात राहान. बँड कोनाचाच नाही. बोला."

किसनराव पंजाबरावकडे पाहत होते. पंजाबरावला वाटले, एवढ्यावर सुटलो. "कबूल," तो म्हणाला, आणि इतक्या घाईने म्हणाला की सिंधूताईने त्याच्याकडे रोखून पाहिले.

मग जेवणे झाली. झुंबरबाईने पुरणपोळीला नावे ठेवून चार खाल्ल्या. दोन्ही व्याही एका ताटाशी बसावेत तसे जवळ बसले आणि विहिरींच्या, पाटलांच्या, सनयांच्या गोष्टी बोलत राहिले. निघताना भगवंतरावांनी तिन्ही भावांना जयभीम घातला. शेषरावचा हात मात्र जरा जास्त वेळ धरला. उतरत्या उन्हात पाहुणे फाट्याकडे गेले.

पंजाबराव ओसरीत परतला तो छाती काढून. बँड राहिला, सोयरीक राहिली. सरकारी भाषेत सांगायचे तर दोन्ही प्रकरणे निकाली निघाली होती. दारात कोकिळा उभी होती. सकाळपासून ती आतच होती. तिच्याबद्दल सगळे बोलत होते म्हणून तिला बोलता आले नव्हते.

"कबूल काऊन म्हनला तू?" तिने विचारले.

"अवं, सगळं जमलं ना!"

"तुहं जमलं. साऱ्या जिल्ह्याच्या पोरीयच्या लग्नात जाऊन वाजवतं. सकायी जिच्या लग्नात वाजवलं, तिचं नावबी तुले माईत नव्हतं. अन् माह्या लग्नात तू पंगतीत पत्रावळ्या वाढशीन?"

"कोकिळे, तुहं लगनच मोडत होतं..."

"मोडलं नसतं. मास्तर सरकतच नव्हता दरवाज्याकडं, पाह्यलं नाही तू? अजून घटकाभर ताणलं असतं त् बुढा नरम आला असता. तुले घाई झाली. तुहा बँड वाचला का तुहं काम झालं." तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही, रडली असती तर पंजाबरावला सोपे गेले असते. "माहं लगन मुकं केलं तू, दादा."

तिचा हिशेब बरोबर होता. पंजाबरावने आपला रविवार राखला होता आणि तिचा दिला होता, तोही तिला न विचारता. वाजवण्याबद्दल हिवराळ्यांच्या घरात आजवर जे जे ठरले ते असेच ठरत आले होते.

"काय करू मंग?" त्याने विचारले.

"आता वाजव."

"आता?"

"माह्या लग्नात जे वाजवलं असतं, ते सगळं. पयल्यापासून. बुढा गेला, त्याच्यासमोर नाही म्हनला होता तो."

शेषराव गोठ्यात धावला. महादेवने कडब्यातून भोंगा ओढून काढला आणि उपडा करून झटकला. आज रुईच्या ऐवजी कुटार पडले. टेलर आणि शिपाई नांदुऱ्याला होते, म्हणून तिघांनीच अंगणात खुर्च्या मांडल्या. कोट घातले. कोकिळा ओसरीच्या पायरीवर बसली, तिच्याशेजारी सिंधूताई, मागे भिमाबाई. शेजारच्या भिंतीवर डोकी दिसू लागली. किसनराव सगळ्यांकडे पाठ करून गोठ्याच्या दाराशी कडबा सारखा करत बसले. वाद्ये ओढून काढताना पोरांनी तो पार विस्कटला होता, तेव्हा काम खरेच होते.

त्यांनी वंदना वाजवली. नवरदेव मांडवात येतो तेव्हाची चाल वाजवली. हारांची वाजवली. टेलरच्या कॉर्नेटच्या जागा रिकाम्या राहिल्या. त्या पंजाबरावने जमेल तशा भरल्या. महादेवचा एक सूर कायम खाली लागे, तो आजही लागला. मुलगी सासरी निघते तेव्हाची चाल पंजाबरावने धरली आणि शेषराव काठ्या ड्रमवर ठेवून उठला.

"दादा, मुक्कामी गाडी हाय माही. सुटीन ती."

"चालीच्या मध्ये?"

"गाडी काय सुरावर सुटते का?" त्याने लाल कोट काढून बहिणीच्या मांडीवर टाकला, खुंटीवरचा खाकी ओढला, कोकिळेच्या डोक्यावर हात ठेवला आणि बटणे लावत फाट्याकडे पळाला.

ड्रम गेला. क्लॅरिनेट आणि भोंगा दोघेच राहिले. पंजाबरावने डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले तर कोकिळा दिसत होती. डोळे मिटले तसा हात सुटला. चाल भरभर जाऊ लागली, महादेव धापा टाकत तिच्या मागे लागला, आणि सासरी निघालेली मुलगी जणू गाडी पकडायला धावू लागली.

गोठ्याच्या दाराशी कडब्याची पेंढी आपटल्याचा आवाज झाला. पाठ न वळवता किसनराव ओरडले,

"पंजाब्या, धावून काऊन राह्यला बे? मागं घोडा लागला का?"